दूधआईचं नाव

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन बाईच्या. पुढे येऊन टोकाला टोक लावायचं तेवढं राहिलं होतं, इतक्यात मुलगा फोन घेऊन खोलीत आला.

"आई, ठरलं एकदाचं! अर्जावर लिहूनसुद्धा टाकलं."

नात दहा दिवसांची झाली होती आणि दहा दिवस घरात नावांचा नुसता बाजार भरला होता. हे जड, ते जुनाट, तिसरं शेजारणीच्या मांजरीचं. आमचे हे तर वैतागून म्हणाले होते, "सून शोधताना एवढी पारख केली नव्हती."

सून बाळाला घेऊन मागोमाग आली. "हलीमा! आई, तुम्हाला आवडेलच. पैगंबरसाहेबांच्या दूधआईचं नाव."

मुलगा फोनवरचं वाचू लागला. "मूळ अरबी. अर्थ सहनशील, शांत, चटकन न रागावणारी. आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत ठेवतात म्हणे."

"आणि आपल्या ओळखीत एकही नाही," सून खुशीत म्हणाली.

बाईच्या हातून चादरीची टोकं सुटली.

बाई आमच्याकडे आली तेव्हा हा मुलगा नऊ दिवसांचा होता. मी तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. तिचं बाळ आदल्या आठवड्यात गेलं होतं, नाव ठेवायच्या आधीच. सुईणीनं तिला आणून माझ्या उशाशी बसवलं. दीड वर्ष तिनं माझ्या मुलाला पाजलं. पुढे मुलाचं दूध सुटलं, बाईला आमचं घर काही सुटलं नाही. भांडी, धुणं, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, सगळं तिच्या अंगावर पडलं. भांडी घासताना एक पाय पाटावर ठेवून उभी राहते, पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून, आणि ठिबकणाऱ्या नळाशी बोलते, "रड बाबा रड, तुला कोण विचारतंय!" पाजणारी तीही आईच, असं आमचा धर्म सांगतो. मी ते चार बायकांत कितीदा सांगितलं असेल. मुलगा तिला बाईच म्हणतो, कारण आम्ही सगळे म्हणतो.

"अगं बया," बाई हसत सुटली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. "सूनबाई, हे तर माझंच नाव की!"

"तुमचं?" सून म्हणाली. "तुम्हाला तर बाई म्हणतात ना?"

"म्हणतात. पण आईबापानं ठेवलेलं हे."

तिनं हात साडीला पुसले आणि बाळाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. "काय गं नावकरणी? माझ्या मागं कुणी नाही म्हणत होते मी."

सुनेनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग मुलाकडे बघून, बाई समोर नसल्यासारखं म्हणाली, "उद्या माझ्या माहेरचे विचारतील. कामवालीचं नाव ठेवलं का म्हणून."

"अगं, दाईचं म्हणूनच तर तुला आवडलं होतं."

"ती दाई वेगळी."

बाईचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "राहू द्या ना, सूनबाई. मी कुणाला सांगणार नाही माझं आहे म्हणून. या नावानं मला हाक मारतंय कोण? कळणार कुणाला?"

"मला कळलं ना," सून म्हणाली.

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तुला माहीत होतं हे?"

बाई माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर नाव राहिलं असतं. या घरात माझा शब्द अजून खाली पडत नाही. चादर छातीशी धरून मी म्हणाले, "इतक्या वर्षांची गोष्ट. विसरले होते."

दुपारची नमाज झाल्यावर कपाटातून जुनी वही काढली. रोज चार ओळी लिहायची सवय तेव्हाचीच. तिथं माझ्याच अक्षरात आहे: 'आज दूध पाजायला बाई आली. नाव हलीमा. देवानंच धाडली.' पुढच्या एकोणतीस वर्षांच्या वह्यांत ती फक्त बाई आहे. नमाजेत कपाळ टेकवलं होतं तेव्हाही ही ओळ मला पाठ होती.

यादीतलं दुसरं एक नाव तासाभरात पसंत पडलं. छान आहे. अर्थही छान आहे. पण पहिलं नाव अर्जावर शाईनं लिहून झालं होतं आणि जन्मनोंदणीच्या अर्जावर खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज आणायचा कुणी? मुलाला कामावर जायचं होतं, यांचे गुडघे दुखतात.

"बाईला पाठवा," सून म्हणाली. "त्यांना कचेरीतली खिडकी माहीत आहे."

बाईनं चादरीची घडी एकटीनं पूर्ण केली, हनुवटीखाली मधली दुमड धरून, आणि कपाटात ठेवली. चपला घालताना दारातून विचारलं, "वहिनी, एक आणू की दोन? परत चुकलं तर?"

"दोन आण," मी म्हणाले.

बाई नोंदणी कचेरीत कोरे अर्ज आणायला गेली आहे.