वाळक्या पानांची रिंग

माझा मुलगा त्या वर्षी आषाढात कावीळ होऊन गेला. सुरतेजवळ उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला होता. मागे त्याची बायको, पाच वर्षांची मुलगी आणि मी अशा तिघी राहिलो. तेराव्याला गावाकडची माणसं आली, तेव्हा सुनेच्या थोरल्या भावाने तिला लगेच न्यायचं काढलं. ती म्हणाली, नाही येत, मुलीला इथे शाळेत घातलंय. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत तिने सुरतेत राहावं. दिवाळीला भाऊ येईल, घर कसं चाललंय ते बघेल आणि मग काय ते सांगेल. ठरवणारे सगळे पुरुष होते. मी चहा गाळत होते.

ती राहावी असं मला वाटत होतं. तिच्यावर फार माया होती असं नाही. आमचं सुरुवातीपासून पटत नव्हतं. ती भाकरी जाड थापायची आणि सांगितलं तरी ऐकायची नाही. पण दोघींच्या हातांवर खोली चालत होती, आणि नात डोळ्यांसमोर होती. माहेरी गेली तर तिला भावजयीच्या हाताखाली राहून शेतात जावं लागणार होतं, आणि मुलीची शाळा बुडणार होती. हे ती मला एकदाच बोलली. पुन्हा बोलली नाही.

साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम आम्ही घरी आणायचो. नवरात्र संपलं तसं ते ओसरलं. मग ज्या शेठकडून काम आणत होतो, त्याने एक चित्र दाखवलं. दाराला टांगलेली गोल रिंग आणि तिच्यावर पानंच पानं. पिवळी, तांबडी, तपकिरी.

"बेन, हिरवं एकही पान नको," त्याने बजावलं. परदेशात पानं गळायच्या दिवसांत लोक अशी रिंग दाराला लावतात म्हणे. दिवाळीत तिकडून गावी येणारे लोक ती हौसेने घेतात.

सून म्हणाली, "वाळकी पानं दाराला? आम्ही तर ती झाडून टाकतो."

"झाडू पछी मारजे, पहेलां बनावी आप," शेठ म्हणाला. झाडायचं मग झाड, आधी करून दे.

तारेचं कडं तो द्यायचा. त्याच्यावर चिंधी अशी आवळून गुंडाळायची की तार कुठेच दिसू नये. मग साड्यांच्या तुकड्यांतून पानं कापायची. कापड दुमडून कात्री चालवली की काम लवकर होतं आणि दोन्ही बाजू सारख्या येतात. सून दुमडायची नाही. झाडाचं पान कुठे सारखं असतं, म्हणायची. एकेक पान सुटं कापायची आणि त्याची कड मेणबत्तीजवळ जरा धरायची. साडीचं ते नायलॉनसारखं कापड, आच लागली की आखडायचं आणि वर वळायचं. पान खरोखर वाळल्यासारखं दिसायचं. शीर म्हणून जरीचा एक धागा मधोमध चिकटवायची. गम लावला की पान बोटाने दाबून धरायचं, नाहीतर कड उचलते.

माझी पानं नीट होत नव्हती.

"आत्याबाई, हे पान आहे का पुरी?"

"तुला खायचंय का? मग गप बस आणि काप."

तिचा नवरा गेल्यापासून ती हसली असेल तर त्या रिंगा करतानाच. तेही फार नाही.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या वर्षी पहिला सण करत नाहीत. तळण काढायचं नाही, रांगोळी नाही, दाराला तोरण नाही. माहेरचं माणूस डब्यात गोडधोड घेऊन येतं आणि आपल्या हाताने दुःखातल्या माणसाच्या तोंडात घास घालतं. मग पुढचे सण करायला मोकळीक मिळते. सुनेचा भाऊ त्यासाठीही येणार होता.

रिंग आडवी ठेवली तर खालची पानं चेपतात. ती टांगूनच वाळवावी लागते. खोलीत होते तेवढे खिळे भरले. गमच्या वासाने नात खोकत होती. म्हणून मी एक रिंग बाहेर दाराच्या कडीला अडकवली. वारा तिथेच लागायचा.

शेजारीण आमच्याच तालुक्यातली. नळावरून येताना थांबली आणि म्हणाली, "काय वो मावशी, यंदा दुःखाच्या घरात झगमग?"

"वाळकी पानं आहेत ती. तुझ्या दाराला लावू का?"

"नको माय," म्हणाली आणि पटकन निघून गेली. मला वाटलं, झालं, समजली. वाळक्या पानांचं कुणी तोरण करत नाही. तोरण म्हणजे आंब्याचं हिरवं पान. हे लहान पोरालाही माहीत असतं.

भाऊ दिवाळीच्या पहिल्या दिवशी दुपारी आला. एका हातात पिशवी, दुसऱ्यात डबा. कडीला टांगलेली रिंग बघून उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"हाई काय शे?"

सून आत रिंगेवर पान चिकटवत होती. तिथूनच म्हणाली, "भाऊ, काम आहे ते. ये ना आत."

"काम आत करतात. दाराला सण लावतात." तो माझ्याकडे वळला. "मावशी, चार महिने नाही झाले. दाराला जरी चमकतेय."

"नीट बघ. एक तरी पान हिरवं आहे का त्यात?"

"पान बघत नाही मी. लोक काय बघतील ते बघतोय. गल्लीत अर्धी आपल्याकडची माणसं. उद्या गावात कळेल, दाजी गेले आणि हिने दार सजवलं."

मला राग आला. मी म्हणाले, "विकायला केलंय ते. टिकल्यांचं काम बंद झालं. हे नाही केलं तर खायचं काय? तुझा डबा किती दिवस पुरणार?"

त्याने खोलीत नजर फिरवली. भिंतीला टांगलेल्या रिंगा, चिंध्यांचा ढीग, कोपऱ्यात खोकणारी पोरगी.

"तेच बघायला आलो होतो," तो म्हणाला. "सजवलं असेल तर तुम्हाला लाज उरली नाही. विकायला केलं असेल तर घरात खायला नाही. मावशी, दोन्हीतलं काय घेऊ? बहीण, सामान बांध. संध्याकाळची गाडी आहे."

  माणूस वाईट नव्हता. डब्यातले लाडू त्याच्या बायकोने चांगले वळले होते. त्याने आधी माझ्या तोंडात घास घातला, मग बहिणीच्या.

सुनेने घास गिळला आणि पुन्हा रिंग मांडीवर घेतली.

"उठ ना माय," भाऊ तिला म्हणाला.

"गम ओला आहे."

"राहू दे आता ते."

"सोडलं तर कड उचलते. थांब."

तो थांबला. ती पानावर बोट दाबून बसली. एक पान चिकटायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ बसली. मी तिच्या लुगड्यांची घडी घालत होते.  शेवटी तिने बोट उचलून बघितलं. पान धरलं होतं. मग उठली आणि हात धुतले.

उधना स्टेशनावर मी सोडायला गेले, तेव्हा नातीने विचारलं, शाळा कधी उघडणार. तिची आई म्हणाली, दिवाळी झाल्यावर.

तिकडे नात कशीबशी चौथीपर्यंत शिकली, मग शेतात लागली. मी शाळा तिसरीतच सोडली होती, म्हणजे माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त.