झेंडूच्या वाफ्याला बांध

आमच्या घरामागे विहिरीच्या पलीकडे जमिनीचा एक पट्टा होता, तिथे गवतसुद्धा उगवत नसे. बाकी काशीदच्या या बाजूला काठी रोवली तरी पालवी फुटते. मागच्या वर्षी मी जाहीर केलं, इथे झेंडूचा वाफा करणार आणि दसऱ्याला आपल्या होडीला परसातल्याच फुलांचा हार घालणार.

सासूबाई सुका जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फुलं खाऊन पोट भरतंय काय गो? तिथं मला वलांडी घालायची हाय." वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूंची मांडणी. नवरा आमच्या दोघींच्या मधे बसून चहा पीत होता. त्याने निवाडा केला, "दसऱ्यापर्यंत फुललं तर जागा हिची, नाहीतर आये, तुझी वलांडी." बसल्या जागेवरून निवाडा करायला काय जातं? पण मी हो म्हटलं. त्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतंच. चूल त्यांची, ओटी त्यांची, विहिरीवरचा धुण्याचा दगडसुद्धा त्यांचा. मला तेवढा तुकडा हवाच होता.

उन्हाळ्यात खणलं, शेणखत घातलं, रोपं लावली. आठवडाभरात पानं कडेने करपली आणि सगळ्या रोपांनी माना टाकल्या. सासूबाईंनी फक्त बांबू आणवले आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवले, मला येता-जाता दिसतील असे.

माझं डोकंच फिरलं. चिमूटभर माती उचलून जिभेला लावली, तर खारट. लागणारच. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाई खारवलेली मासळी धुतल्याचं पाणी तिथेच फेकत होत्या, माझ्या डोळ्यांसमोर.

आता माझं माहेर रेवसकडचं, भातशेतीचं. खाडीचा बांध फुटला की उधाणाचं पाणी शेतात शिरतं, सगळी जमीन खारी होते. बाबा म्हणायचे, "खार शिव्या देऊन जात न्हाय, त्याला पाण्यानंच घालवायचा." शेताला बांध घालायचा, पावसाचं पाणी कोंडायचं, चांगलं मुरलं की सोडून द्यायचं. पुन्हा कोंडायचं, पुन्हा सोडायचं. पाणी जाताना खार घेऊन जातं. मी वाफ्यालाही तेच केलं. चारी बाजूंनी मातीचा बांध घातला, एका कोपऱ्यात तोंड ठेवलं आणि त्यात नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याचा, बोळा कोंबला. पाऊस लागला की वाफा भरायचा, मी डोक्यावर प्लास्टिक घेऊन बोळा काढायला जायची.

आळीतल्या बायका बघायला यायच्या. "काय गो, भात लावतेस काय?" सासूबाई तर हसून हसून डोळे पुसायच्या. हसा म्हटलं, हसणाऱ्याचे दात दिसतात. मी दर खेपेला मातीची चव घेत होते. श्रावण लागता लागता जिभेला नुसती माती लागली. त्या दिवशी मी एकटीच भरल्या वाफ्यात नाचले, खोटं कशाला सांगू. मग डोंगराची लाल माती आणून भर घातली आणि नवी रोपं लावली.

रोपांनी चांगला जीव धरला होता. एका दुपारी मागून पाणी फेकल्याचा आवाज आला. धावले तर सासूबाई रिकामी बादली घेऊन उभ्या, वाफ्यात खारवलेल्या बांगड्याचं पाणी. "हात गेला गो," त्या म्हणाल्या. "तुमचा हात जातो, माझ्या झाडांचा जीव जातो," मी ओरडले. त्या घरात माझा आवाज तोवर कधी चढला नव्हता. मग विहिरीचं पाणी काढून ओतत सुटले, वाफा तुडुंब भरला, बोळा उपटला, पुन्हा भरला. खांदे भरून आले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. कडेची रोपं गेली. मधली सगळी वाचली.

आणि दसऱ्याला फुलला माझा झेंडू, असा की पानं दिसेनात. नाकावर टिच्चून फुलला. होडीला हार झालाच, इंजिनाला झाला, दाराला तोरण झालं, आणि हसायला आलेल्या बायकांना मी पदर भरभरून फुलं वाटली. बंदरावर कुणीतरी सासूबाईंना विचारलं, फुलं कुठून आणलीत. त्या म्हणाल्या, "आणतोय कशाला? आमच्या परसातली हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीजवळचे बांबू गायब. मागे धावले. सासूबाई कमरेला पदर खोचून बांबू ठोकत होत्या, माझ्या वाफ्याभोवती.

"कुंपण हाय," त्या म्हणाल्या. "कोंबड्या येतात. आणि माझा हात पण हाय ना."

मी दुसऱ्या टोकाने बांबू धरला.