गफूरचाचा जमीन दाखवायचे

जमीन बघायला आलेला माणूस जमिनीबद्दल थोडं बोलतो आणि स्वतःबद्दल जास्त! बांधावर उभं राहिलं की त्याला काय होतं कोण जाणे, घरात कधी बोलला नसेल ते तिथं बोलून जातो. आपण नुसती मान हलवायची. अशी मान हलवता हलवता किस्से साठत जातात. माझ्याकडं तर साठवायला जागाच जागा होती. नळदुर्गात भाड्याच्या एका खोलीत मी एकटा राहायचो. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलो की सोबतीला दिवसभरात ऐकलेलं तेवढं असायचं.

निजामाचं राज्य गेलं, संस्थान विलीन झालं, कचेऱ्यांतली उर्दू हळूहळू मराठी व्हायला लागली, तेव्हाचे हे दिवस. मी खरेदीखतं लिहायचो. किल्ल्याच्या वाटेवर एका बंद दुकानाचा ओटा होता, त्यावर माझं बैठं मेज. शेजारी गफूरचाचा, जमिनीचे दलाल. डोक्याला रुमाल, हातात काठी, तोंडात पान. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन्ही मुलं हैदराबादला नोकरीला. मला ते ‘मुन्शी’ म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही शंका आहे!

*

एकदा एक शेठ मोटारीतून आले. किल्ला बघून खूश! ओट्यासमोर गाडी थांबवून म्हणाले, “काय हो, हा किल्ला विकायचा आहे का?”

चाचांनी पान या गालातून त्या गालात घेतलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “मालक जागेवर न्हाईत, साहेब. आले की कळवतो.”

शेठनी खरंच पत्ता लिहून दिला!

*

सोलापूरचे दामूअण्णा गिरणीत कारकून होते. निवृत्त झाले, बायको वारली, आणि नळदुर्गाजवळ जमीन घ्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. चाचांनी त्यांना दोन दिवस फिरवलं. काळी जमीन दाखवली, विहिरीची दाखवली. अण्णांना एकही पसंत नाही. शेवटी परत येताना वाटेत एक माळ लागला. कुसळी गवत, मुरूम आणि वारा. अण्णा तिथंच थांबले.

“ही कुणाची?”

“ही नक्को, अण्णा. हितं काय पिकत न्हाई. आन् शेजारी बी कुणी न्हाई.”

“शेजारी कुणीच नाही?”

“हाक मारली तर ऐकायला माणूस न्हाई.”

“मग हीच द्या!” अण्णा म्हणाले. “आयुष्यभर चाळीत राहिलो. भिंतीपलीकडचा माणूस शिंकला तरी आमचा दिवा हलायचा. आता मला कुणी नको.”

मी खत लिहिलं. अण्णांनी माळावर पत्र्याची खोली बांधली. पहिल्याच महिन्यात एका सकाळी ते ओट्यावर हजर! चाचांना वाटलं, झालं, आता हे विकायला आले.

“काय अण्णा, गिऱ्हाईक बघू का?”

“छे, छे. माळ झकास आहे!” अण्णा ओट्यावर टेकले. मग हळूच म्हणाले, “तुम्ही दोघं चालू द्या तुमचं बोलणं. मी नुसता ऐकतो.”

*

खरेदीखतात जमिनीच्या चारी बाजूंना कोण आहे ते लिहावं लागतं. अणदूरकडचे शंकरप्पा जमीन विकायला आले. म्हातारे, पण ताठ. मी लेखणी बुडवली आणि विचारलं, “पूर्वेला कोण?”

“पूर्वेला इब्राहीम.”

चाचा म्हणाले, “इब्राहीम तर जमीन टाकून हैदराबादला गेला की, आप्पा.”

“व्हय, गेला. लिवा, इब्राहीम.”

“पश्चिमेला?”

“मारुती.”

“मारुती वारले ना मागच्या साली?” चाचांनी मधेच विचारलं.

“व्हय. चांगला मानूस. औत मोडलं की न सांगता त्याचं घिऊन यायचा.”

“उत्तरेला?”

“उत्तरेला चुलता. त्याची पोरं आता पुन्याला. फिरकत न्हाईत.”

“आणि दक्षिणेला?”

“दक्षिणेला वढा. त्यो बी आटलाय.”

चाचा कळवळून म्हणाले, “आप्पा, चारी बाजूला कुणीच न्हाई राहिलं की!”

शंकरप्पांनी आधी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, “मंग विकतोय कशापाई?”

*

उमरग्याकडचे एक हवालदार पलटणीतून निवृत्त झाले. लग्न केलेलं नव्हतं. त्यांना गाई पाळायच्या होत्या, तेही थोड्याथोडक्या नाही! चाचांनी त्यांना जुन्या इनामदाराचं कुरण मिळवून दिलं. लांबच लांब गवत, मधे एक दगडी गोठा, आणि वस्ती पार डोंगराच्या पलीकडं.

काही महिन्यांनी आम्ही सहज त्या बाजूला गेलो, तर लांबूनच आवाज! “दाहिने मूड! थम!” हवालदार काठी काखेत धरून गाईंपुढं उभे, आणि गाई सगळ्या दिशांना पांगलेल्या.

चाचा हसून हसून वाकले. “हवालदारसाब, ऐकतात का गाई?”

“एक नाही ऐकत.”

“मग कशाला घसा फोडताय?”

हवालदारांनी काठी खाली घेतली. “पलटणीतले ऐकायचे, पण उत्तर कधी दिलं नाही कुणी. ह्या हंबरतात तरी!”

*

चाचा बायकांशी व्यवहाराचं फारसं बोलायचे नाहीत. मान खाली घालून ‘व्हय आक्का, न्हाई आक्का’ एवढंच. गंगाक्का आल्या तेव्हा मात्र त्यांना बोलावं लागलं.

गंगाक्का बालविधवा. सगळा जन्म सासरच्या गावी गेला. माहेर जवळच्याच खेड्यात. भाऊ वारले, भाच्यांनी घरदार, शेत सगळं विकलं आणि ते मुंबईला गेले. गंगाक्कांना त्या विकलेल्या शेताचा एक कोपरा पाहिजे होता. चिंचेखालचा, एक बैलगाडी उभी राहील एवढा.

चाचांनी नव्या मालकाला कसंबसं राजी केलं. पण त्यांना राहवेना. “आक्का, एवढ्याशा जागेत पिकवणार काय?”

“पिकवायचं न्हाई मला.”

“मग?”

“पंचमीला बायका माहेरी जात्यात. म्या गेले तर कुठंतरी बसाया पायजे की न्हाई?”

चाचांनी त्या दिवशी पान खाल्लं नाही.

*

मग चाचांवरच पाळी आली. मुलं येऊन गेली. “अब्बा, एकटे काय करता इथं? चला.” चाचांनी पुष्कळ दिवस टाळलं, शेवटी हो म्हणाले. बोरी नदीच्या काठी त्यांचं शेत होतं. काळंभोर, कडेला बाभूळ. ते विकायला काढलं.

मी म्हटलं, ज्या माणसानं मुरमाड माळ विकला त्याला हे सोनं विकायला कितीसा वेळ! पण गिऱ्हाईक यायचं आणि तोंड वाकडं करून जायचं. एकदा मी मुद्दाम बरोबर गेलो. घेणारा होता सिद्राम नावाचा तरुण शेतकरी, नुकतंच लग्न झालेला. चाचा त्याला बांधाबांधानं फिरवत होते.

“हितं हरळी लई. मुळं पार खाली गेलीत.”

“बरं.”

“रस्ता लांब. गाडी रुतते.”

“बरं.”

“पावसाळ्यात नदी आत येते. सगळं पीक धुऊन नेते.”

सिद्राम थांबला. “चाचा, तुमी मला जमीन दाखवताय का हाकलून देताय?”

चाचा बांधावर मटकन बसले. मग म्हणाले, “घे बेटा. खोटं बोललो. नदी कधीच आत आली न्हाई.”

त्यांचं खत मीच लिहिलं. माझं अक्षर बरं आहे असं लोक म्हणतात, पण त्या दिवशीचं तुळजापूरच्या कचेरीतल्या कारकुनाला लागेना!

*

चाचा हैदराबादला गेल्यावर ओट्यावर मी एकटा. चहावाला सवयीनं दोन कप ठेवायचा, एक परत न्यायचा. जमीन दाखवायला मीच जाऊ लागलो. दुसरं होतंच कोण?

हिवाळ्यातली एक दुपार. हैदराबादची प्रवासी मोटार थांबली आणि तीतून चाचा उतरले! अंगात इस्त्रीची नवी शेरवानी, पायांत चकचकीत बूट. बारीक झाले होते. मी सरकून त्यांची जागा मोकळी केली. पण ते तिथं बसले नाहीत. मेजासमोर, गिऱ्हाईक बसतं तिथं बसले.

“मुन्शीजी, जमीन बघायची होती.”

“कुणासाठी?”

“आपल्यालाच.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“कसली पाहिजे?” मी विचारलं.

“काळी. नदीकडंची. कडंला एखादी बाभूळ असली तर बरं.”

मी मेज आवरलं. वाटेनं मी पुढं आणि ते मागं. एवढ्या वर्षांत ते कधी माझ्या मागून चालले नव्हते. सिद्राम ज्वारीत होता. त्यानं ओळखलं, विळा टाकून धावत आला. “चाचा! कवा आलाव?”

चाचांनी अदबीनं कपाळाला हात नेला. “मालक, जमीन बघतोय. चालंल ना?”

सिद्रामनं माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली. तो म्हणाला, “बघा की. निवांत बघा.”

चाचांनी बूट काढून हातात घेतले. अनवाणी बांधावरून फिरले. एक ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला.

“माती खोल हाय?”

“खोल आहे,” मी म्हणालो.

“पाणी?”

“भरपूर.”

“पयल्या मालकानं का विकली?”

मी म्हणालो, “मुलं लांब होती त्याची.”

“हां,” चाचा म्हणाले, “असं होतं.”

सिद्रामच्या बायकोनं हुरडा भाजून आणला. चाचांनी बाभळीखाली बसून सगळा खाल्ला, तळहाताला लागलेले दाणेसुद्धा. मग आम्ही सडकेला आलो. परतीची मोटार उभीच होती. ते चढले, खिडकीशी बसले. बूट अजून हातातच. मोटार सुरू झाली, तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

“जमीन चांगली हाय, मुन्शीजी. घरी विचारून कळवतो.”