सोपानभाऊंचा जोड

सोपानभाऊ कोणाच्याही घरी गेले तरी खुर्ची आधी गदागदा हलवून बघत आणि मगच बसत. जुन्नरच्या बाजारात त्यांचं गेट-ग्रिलचं दुकान होतं. मी कॉलेजात शिकवते. पाण्याचा तळ तपासणाऱ्या माझ्या आपोआप चालणाऱ्या लहान होड्यांचे सांगाडे त्यांनीच वेल्डिंग करून दिले. चार-चार होड्यांचे दोन ताफे होते. एका ताफ्यातल्या होड्या एकमेकींपासूनचं अंतर मोजत आपला आकार राखायच्या. दोन्ही ताफे जोडून एक करायचे, एवढंच उरलं होतं.

"किती जागी बांधणार?" त्यांनी विचारलं.

"तीन जोड पुरतात, भाऊ. म्हणजे इकडच्या-तिकडच्या होड्यांमधली तीन अंतरं राखली की झालं. गणित आहे तसं."

त्यांनी तिरक्या पट्ट्या मारलेल्या दोन चौकटी फरशीवर ठेवल्या. एकीच्या एकाच कोपऱ्यातून दुसरीला तीन सळ्या लावल्या आणि पहिली चौकट पायानं ढकलली. ती त्या कोपऱ्याभोवती गर्रकन फिरली. "ही बिजागरी झाली, ताई. नुसत्या सळ्या मोजू नका, कोपरे बघा."

हे मी पुस्तकात शिकलेच होते. शहाणपणानं हसले आणि प्रोग्राम काही तपासला नाही. तो नुसते जोड मोजत होता.

उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ येडगावच्या धरणात मोटारीच्या पाइपाची जाळी साफ करायला उतरला, तो वर आलाच नाही. सोपानभाऊंचा फोन आला. "तुमच्या होड्या आणा. आईला त्याचं तोंड बघायचंय. लई येळ नाय आपल्याकडं."

जोडलेल्या ताफ्यानं दुपारभर तळ धुंडाळला. स्क्रीनवर मोटारीजवळचा सगळा पट्टा तपासलेला दिसला, म्हणून शोधायला उतरलेले पोहणारे दुसरीकडे वळले. तिसऱ्या दिवशी प्रेत त्याच पट्ट्यात वर आलं. तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. आईला लांबूनच पांढरं कापड दाखवलं.

प्रोग्रामनं तिन्ही जोड एकाच होडीला दिले होते. वाऱ्यानं तिचा अख्खा ताफा तिच्याभोवती फिरला, स्क्रीन मात्र ठरलेलाच आकार दाखवत राहिला आणि तेवढा तळ तपासायचा राहिला.

दहावा उरकल्यावर मी दुरुस्त केलेल्या होड्या घेऊन गेले आणि सगळं कबूल केलं. ते धरणावर आले, उन्हात बसून होड्या बघत राहिले. वारा सुटला होता, पण आठही होड्या जागा धरून चालत होत्या.

"आता ठीक हाय," ते उठत म्हणाले. "आईला मी सांगितलंय, पाण्यानंच त्याला धरून ठेवला व्हता. तिला तेच खरं वाटू द्या. आणि ताई, आमच्या घरी आता येऊ नका."