लायसन्स काढलेली आजी

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये मी रोज मुलाच्या घरी जाऊन नातीला सांभाळायचे. पैशांचा विषय निघाला, तर मुलगा हसून म्हणाला, "सख्ख्या आजीला मूल सांभाळायचं सरकारी लायसन्ससुद्धा लागत नाही, मग पैसे कसले?" आधीच्या नॅनीला हाच मुलगा बर्फ पडला तरी भरपगारी सुट्टी द्यायचा. मला दिवाळीला साडी मिळाली, तीही सुनेला नको झालेली.

मी शनिवार-रविवारी ट्रेनिंग केलं, माझ्या घराची तपासणी करून घेतली आणि घरी पाळणाघर चालवायचं लायसन्स काढलं. शेजारच्या मुलांनी सगळ्या जागा भरल्या.

सोमवारी मी गेलेच नाही. मुलगाच नातीला घेऊन माझ्या दारात आला. मी तिचा पापा घेतला आणि त्याला म्हटलं, "वेटिंग लिस्टमध्ये नाव घालते. डिपॉझिटचा चेक लागेल. साडी चालत नाही."