घड्याळाऐवजी धून

हसाकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो काढताना "जरा हसा" म्हणायचे, म्हणून हसाकाका. स्वतः कधी हसले असतील तर शपथ! गिऱ्हाईक दुकानात शिरलं की यांच्या कपाळाला आठी. लग्नाळू मुली, परीक्षेला बसणारी पोरं, निवृत्त होणारे कारकून, सगळ्यांना भराभर वाटेला लावायचं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरून आतून कडी घालायची. लोकांत असताना त्यांना काही म्हणजे काही सुचत नसे. कडी लागली की उद्याचा फोटो कुठल्या उजेडात काढायचा ते दिसे आणि माउथ ऑर्गनवर नवी सुरावटही सापडे.

फिल्म धुताना औषधात किती वेळ ठेवायची, हेही ते घड्याळावर बघत नसत. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक धून बसवली होती. ती दोनदा वाजवून संपली की औषध ओतून टाकायचं. त्याहून जास्त राहिली तर फिल्म काळी पडते. बायकोने एकदा हौसेने गजराचं घड्याळ आणलं, तर म्हणाले, "त्या टिकटिकीने डोकं उठतं माझं." घड्याळ मुकाट्याने स्वयंपाकघरात गेलं.

त्यांचं एकटेपण तीच जपायची. लेक दाराला धडका द्यायला लागली की "बाबा एकटे बसलेत, बसू दे" म्हणत तिला उचलून न्यायची. टोमणा मात्र ठरलेला: "अख्ख्या गावाला हसवता, माझा एक फोटो काढायला फुरसत नाही."

फुरसत मिळाली तेव्हा दुकान बंद पडलं होतं आणि ती अंथरुणाला खिळली होती. एका सकाळी काकांनी तिला शाल पांघरून खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि उरलेला शेवटचा रोल तिच्यावर संपवला. "जरा हसा" म्हणावं लागलं नाही. नवऱ्याची ती लगबग बघूनच तिला हसू आवरेना.

ती गेली. लेकीने ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. तिचा एकटीचा दुसरा फोटो घरात नव्हता. काकांना आता घरभर एकटेपण होतं, कडी लावायचीही गरज नव्हती. पण माउथ ऑर्गन तोंडाला लावला तरी एक सूर सुचेना, आणि कॅमेरा तर हातात धरवेना. रोल कपाटात तसाच पडून राहिला.

शेवटी लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तो रोल धुवा ना. मला आईला हसताना बघायचंय."

काकांनी दुपारी कडी लावली. काळोखात बोटांना सगळं आठवलं. फिल्म डब्यात गेली, औषध ओतलं आणि त्यांनी धून सुरू केली. दम पुरत नव्हता. दोन ओळींनंतर थांबावं लागे. थांबलं की ती खिडकीपाशी बसलेली दिसे, आणि पुढचा सूर नेहमीचा न येता वेगळाच, हळुवार येई. कितीतरी दिवसांनी काहीतरी सुचत होतं. काका एकेका सुरावर रेंगाळले, वळणं घेत परत मागे आले, रडले आणि पुन्हा वाजवत राहिले. इतकं चांगलं त्यांनी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

ओली फिल्म हातात धरून बाहेर आले, तर लेक दाराशीच डोळे पुसत उभी.

"बाबा, आज किती सावकाश वाजवलंत! मी दाराशीच बसून राहिले."

"सावकाश?" काका जागच्या जागी थबकले.

त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. खुर्ची होती. शाल होती. फिल्मवर उजेड काळा उमटतो, आणि खिडकीचा सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता; चेहऱ्याच्या जागी सगळ्या फोटोंत काळा ठिपका होता. कागदावर उतरवला असता तर तिथे पांढरा डाग आला असता, बाकी काही नाही.

"नीट आलेत ना?" लेकीने विचारलं.

"धून लांबली गं," काका म्हणाले.

लेकीने एका शब्दाने बोल लावला नाही. उलट पुढे कितीदा तरी म्हणाली, "ती त्या दिवशीची धून वाजवा ना." काकांना ती आठवत होती, नव्या वळणांसकट. पण पहिल्याच सुराला बायकोचा चेहरा काळा पडताना दिसायचा, आणि ते माउथ ऑर्गन खाली ठेवायचे.