अण्णांचे एकशे चाळीस आंबे

अण्णांचा उजवा हात गेला तेव्हा आमच्या घरात चालू स्थितीतल्या वस्तू तीनच होत्या : टीव्ही, आईचं शिलाई मशीन आणि माझी बी.कॉम.ची पदवी. यातली तिसरी सगळ्यांत जास्त आवाज करते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चिखलीतल्या एका शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं लेथ चालवला. तीस वर्षांत मशीनला एक बोट दिलं नाही, आणि एका सकाळी दात घासता घासता लकवा मारला. पाय दोन महिन्यांत सावरला. जीभ तर त्याच्याही आधी (दवाखान्यातून निघाले तेच वॉर्डबॉयला शिव्या देत!). हात मात्र मांडीवर पडून राहिला. आई ब्लाउज शिवून घर रेटत होती, मी चाकणला कंपनीत प्रॉडक्शनचे रिपोर्ट बनवत होतो आणि अण्णा उपाशी राहत होते. खोटं सांगत नाही. डाव्या हातानं जेवायचं नाही आणि आईनं भरवताना कुणी बघायचं नाही, असे दोन कायदे त्यांनी स्वतःच काढले होते. आणि लकवा झालेल्या माणसाच्या घरी माणसं येतात किती! गावाकडची सगळी भावकी पाळी लावल्यासारखी भेटायला. पाहुणे असले की अण्णा म्हणणार, "भूक न्हाई." पाहुणे कबुतराच्या तेलाचा उपाय सांगून, पोहे खाऊन, चहा पिऊन जाणार आणि आजारी माणूस रिकाम्या पोटी त्यांना हात जोडणार. तोही एकच! मला पाहुण्यांचा राग यायचा, अण्णांचा यायचा, पुढे पुढे तर कबुतरांचाही यायला लागला.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी उपाय काढला : व्हिडिओ गेम. टीव्हीवर एक कॅमेरा बसवायचा. समोर खुर्चीत बसून हात वर नेला की पडद्यावरच्या झाडाचा आंबा तुटतो, खाली आणला की पाटीत पडतो. आंबे मोजले जातात, आठवड्याचा रिपोर्ट माझ्या आणि मॅडमच्या मोबाइलवर येतो. "हे सुरुवातीचे महिने हातातून घालवू नका," मॅडम म्हणाल्या, "नंतर हात इतका ऐकत नाही."

मी गेमचं जुनं मशीन मिळवलं, तारा जोडल्या, झाड उगवलं. अण्णांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीस वर्सं लोखंड कातलं म्या. आता टीव्हीतलं आंबं तोडू?"

"व्यायाम आहे तो, अण्णा!"

"व्यायाम हाय तर तू कर. तुझं पोट बघ."

आठ दिवस मी ओरडलो, ते ओरडले. शेवटी माझ्यातला पदवीधर जागा झाला. (तो झोपलेलाच बरा असतो.) आमच्या कंपनीत लाइनवर असतो तसा पांढरा बोर्ड मी टीव्हीशेजारी ठोकला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : आजचं टार्गेट – साठ.

अण्णा एकदम सरळ बसले! टार्गेट म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. "मंग असं सांग की आधी," म्हणाले. "शिफ्ट कितीची?"

"अकरा ते एक."

"रविवारी मशीनला सुट्टी."

"ठीक आहे."

पहिल्या दिवशी बोर्डावर साठ. दुसऱ्या दिवशी साठ. महिनाभरात नव्वद, मग एकशे चाळीस! मी रिपोर्टाचा ग्राफ काढला, कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवला, पेढे वाटले. "घरात एक माणूस शिकलेला असला ना राव, की असं होतं," असंही म्हणालो. (हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.) मॅडम तर इतक्या खूश झाल्या, की त्यांनी तिकडून झाडच उंच केलं. "आता पुढची पायरी!"

फक्त एक भानगड होती. संध्याकाळी ताटावर बसलं की तो एकशे चाळीस आंबे तोडणारा हात मांडीवरून हलायचा नाही. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"दुपारी झाडाच्या शेंड्याला जाणारा हात रात्री ताटापर्यंत येत नाही? नाटकं करता का अण्णा? आईनं किती दिवस भरवायचं तुम्हाला?"

आई म्हणाली, "सुन्या, गप जेव." मी जेवलो नाही. रागानं ताट सरकवलं, तेही दोन्ही धडधाकट हातांनी!

आणि मग एका दुपारी कंपनीतली लाइन बंद पडली नि आम्हाला लवकर सोडलं. घरी आलो तर दाराबाहेर चपलांचे सात जोड. आत भावकी भिंतीला टेकून बसलेली. टीव्हीसमोर सखूआत्या, अण्णांची धाकटी बहीण, पदर खोचून, दोन्ही हातांनी सपासप आंबे तोडतेय! अण्णा शेजारी खुर्चीत, सुपरवायझरसारखे. आई बोर्डापाशी खडूसारखं स्केचपेन धरून उभी.

"आत्या! हे काय चाललंय?"

"थांब रं, सतराच राह्यलेत! झाड लय उंच केलंय मेल्यांनी."

"अण्णा!!"

"वरडू नगंस," अण्णा म्हणाले. "रिलीव्हर हाय ती."

रिलीव्हर! कंपनीत एक माणूस उठला की त्याच्या जागी बसतो तो! मी असा काही भडकलो की शेजारच्या काकू त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भेटायला येणारा एकेक पाहुणा रोज आंबे तोडून जात होता! चुलतचुलते, त्यांच्या सुना, एकदा तर गॅसवालासुद्धा!

"सगळा रिपोर्ट खोटा? मी पेढे वाटले! मॅडमनी झाड वाढवलं! तुमच्या हाताचे दिवस वाया घालवले तुम्ही!"

"टार्गेट कुणी लावलं?" अण्णांचाही आवाज चढला. "बोर्डावर मानसाचं नाव कुठं हाय, दाखव! मशीनचं टार्गेट मशीननं भरायचं. शिफ्टमधी मशीन हुभं ठेवायचं न्हाई, मंग मानूस कुनी बी असू दे. तीस वर्सं हेच केलं म्या!"

"पण तुमचे किती होतात?"

"माजं?" अण्णा थांबले. भावकीनं माना खाली घातल्या. "माजं नऊ व्हत्यात. झाड वाढल्यापास्नं चार. पयल्या दिवशी नऊ लिवायला निगालो व्हतो. पर तू साठ लिवून गेल्तास. संध्याकाळी येऊन तू आदी बोर्ड बघतोस, मंग मला."

काही सुचलं नाही की मी शिकवायला लागतो. "अवघड काय आहे त्यात? खांद्यातून हात उचलायचा, असा!" म्हणत मी झाडासमोर उभा राहिलो. अकराव्या आंब्याला खांद्यात कट्‌कन झालं आणि हात वरच राहिला. आत्या म्हणाली, "घ्या! दादा नऊ, ह्यो अकरा. दोघास्नी मिळून वीस धरा." भावकी हसली, आई हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी आईला मला तेल लावायला सांगितलं. (बहुतेक कबुतराचं. मी विचारलं नाही.)

हात वर असतानाच मी मॅडमना फोन केला आणि सगळं कबूल केलं. त्या पाच मिनिटं बोलल्या. त्यातलं छापण्यासारखं एवढंच : "पेशंटला टार्गेट मी देते. तुम्ही रिपोर्टवाले आहात ना? मग पेशंटही बघायला शिका." झाड खाली आलं. बोर्ड मी पुसला आणि अण्णांच्या देखत लिहिलं : चार.

"एवढंच?" अण्णा चिडले. "लाज काडतोस व्हय?" आणि चिडून सहा केले.

पुढचे पाच महिने आमच्या घरात चिडचिडीशिवाय दुसरं काही झालं नाही. नऊ झाले, दहा झाले, तेरा झाले, पुन्हा दहा. झाडाला शिव्या, कॅमेऱ्याला शिव्या, मला तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. पाहुण्यांनी नुसतं बसायचं, असा नवा कायदा झाला. आंबे अण्णांचेच होते, आंबटढाण आणि मोजके, पण खरे.

एका रविवारी सखूआत्या आणि चार माणसं जेवायला होती. मी पंगतीकडे पाठ करून मोबाइलवर आठवड्याचा रिपोर्ट वाचत होतो. रोजचे आंबे तेवीस, मागच्या आठवड्यातही तेवीस. खाली लिहिलं होतं : प्रगती नाही. माझं टाळकं सरकलं.

"अण्णा, आठवडाभर काय केलंत तुम्ही?" मी मोबाइलमधून डोकं न काढता ओरडलो. "एक आंबा वाढला नाही! लक्ष कुठं असतं तुमचं?"

माझा आवाज आणखी चढला. शेवटी आत्याच ओरडली, "आरं मुडद्या, त्यो फोन ठेव आन मागं बघ!"

मी वळलो. अण्णांनी पाहुण्यांच्या पंगतीत बसून, स्वतःच्या उजव्या हातानं, अर्धी भाकरी संपवली होती.